बीआरएममध्ये खायचं काय, कुठे आणि कधी? पहिल्यांदाच लांब पल्ल्याची सायकल मारणाऱ्यांसाठी

दर सीझनला कोणीतरी नवीन येतं आणि विचारतं की दोनशे किलोमीटरची बीआरएम लावलीये, कुठली टायर घेऊ, कुठली सीट घेऊ, पॅडेड शॉर्ट्स कुठली. खायचं काय हे कोणी विचारत नाही. आणि मग दुपारी दीडला हायवेच्या कडेला झाडाखाली सायकल आडवी टाकून बसलेला दिसतो, पायात गोळे नाहीत, पंक्चर नाही, फक्त टाकी रिकामी. मीपण असाच बसलोय म्हणून सांगतोय. जुन्या कात्रज बोगद्याच्या चढावर, शिंदेवाडीच्या जरा पुढे, घर वीसेक किलोमीटरवर आलेलं आणि मला हँडल सरळ धरता येत नव्हतं. एका टेम्पोवाल्या काकांनी अर्धा पुडा पार्ले-जी दिला, तो खाऊन पंधरा मिनिटांनी माणसात आलो. त्यानंतर मात्र प्रत्येक राईडच्या आधी टायरच्या हवेइतकंच खाण्याकडे लक्ष द्यायला लागलो.

ज्यांना बीआरएमच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसियन जगभरातल्या या राईड्सना मान्यता देतो, आपल्याकडे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली ठिकठिकाणचे क्लब त्या घेतात. ही रेस नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत पोचायचं एवढंच. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका सीझनमध्ये चारही केल्या की तुम्ही सुपर रँडोनर. आणि यातला खाण्याशी संबंधित नियम म्हणजे तुमचं तुम्ही बघायचं. मागे गाडीत बायको डबा घेऊन येतीये असं चालत नाही, बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे रूटवरच्या ठरलेल्या चेकपॉईंटवर, घेता येते, मधल्या रस्त्यात नाही. दुकानातून विकत घ्या, झाडाचं पडलेलं खा, दुसऱ्या रायडरकडे मागा, ते सगळं चालतं. ज्या रेसमध्ये क्रू असतो, म्हणजे डेक्कन क्लिफहँगर किंवा नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ ला टीम म्हणून पूर्ण केलेली ती रेस अॅक्रॉस अमेरिका, तिथे गाडीतून हातात बाटली मिळते. आपल्याला नाही मिळणार, आपल्याला चहावाला शोधायचाय.

आधी थोडं गणित, कंटाळा करू नका

शरीरात साठवलेली साखर, म्हणजे यकृतात आणि स्नायूत असलेलं ग्लायकोजेन, ती चार-पाचशे ग्रॅम असते, म्हणजे ढोबळ दोन हजार कॅलरी. २०० किलोमीटरला वजन, वेग आणि चढाप्रमाणे चार-पाच हजार कॅलरी सहज जातात. बाकीची चरबीतून येते पण चरबी हळू जळते, आणि तिला जळायलाही थोडी साखर लागते. म्हणजे सकाळी पोटभर खाऊन निघालो की झालं हा हिशेब साधारण तीन-चार तासात संपतो. आता दुसरी बाजू, तुम्ही खाल्लेलं सगळं आतडं घेत नाही. ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स हे बहुतेकांना झेपतं, सराव असला तर त्याच्यापुढे जाता येतं. म्हणजे दुपारी एकदाच बसून थाळी हाणली म्हणून सकाळची भरपाई होत नाही, ती थाळी फक्त पोटात बसते आणि रक्त तिकडे जातं आणि तुम्ही उन्हात झोपाळलेले.

म्हणून थोडं थोडं, सतत, भूक लागायच्या आधी. भूक लागली म्हणजे अर्धा तास उशीर झालेला आहे.

आणि वेळेचं गणित. दोनशेला तुम्ही ताशी २० ने चाललात तर दहा तास सायकलवर, म्हणजे हातात साडेतीन तास. ऐकायला भरपूर वाटतात. चार वेळा हॉटेलात थांबलात आणि प्रत्येक वेळी चाळीस मिनिटं गेली की झाले पावणेतीन तास, त्यात एक पंक्चर आणि एक वारा समोरून, संपलं. मी ज्यांना डीएनएफ होताना, म्हणजे राईड पूर्ण न करता आल्याचं, जवळून पाहिलंय त्यातले बरेचजण सायकलवर हळू नव्हते, खुर्चीवर फार वेळ होते.

पायरी पहिली: आठ दिवस आधी रस्ता खाण्याच्या नजरेने बघा

रूटची जीपीएक्स फाईल आली की मॅपवर उघडा आणि ३०-४० किलोमीटरच्या अंतराने एक-एक ठिकाण मार्क करा. फक्त हॉटेलं नाही, पेट्रोल पंप, टोल नाका, एसटी स्टँड. एसटी स्टँडच्या बाहेर काहीतरी गरम मिळतंच, पहाटे पाचलासुद्धा. मार्क करताना या गोष्टी बघा:

रस्त्याची बाजू. चौपदरी हायवेला उजवीकडच्या हॉटेलात जायला दुभाजक ओलांडायला लागतो, सायकल उचलून दुभाजकावरून जाणं हा मूर्खपणा आहे, करू नका. जाताना डावीकडचं एक, येताना डावीकडचं एक, असं वेगवेगळं मार्क करा.

गाव कुठे गेलं. पूर्वी हायवे गावातून जायचा, आता वरून उड्डाणपूल आणि गाव खाली. वरून सरळ गेलात की गाव कधी आलं आणि कधी गेलं कळत नाही आणि पुढे पंचवीस किलोमीटर काही नाही. सर्व्हिस रोडला कुठे उतरायचं ते आधीच बघून ठेवा.

वेळ. तुम्ही तिथे पोचाल तेव्हा ते उघडं असेल का? सकाळी सातच्या आधी छोट्या गावात फक्त चहावाला आणि दूधवाला जागे असतात. दुपारी एक ते चार बंद हा फक्त पुण्याचा जोक नाहीये, कोकणातल्या छोट्या गावात दुपारी दुकानाला खरंच फळी लागलेली असते. रात्री अकरानंतर फॅमिली हॉटेलं बंद, ट्रकवाल्यांचे ढाबे चालू. आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊ ते अकरा हायवेवरच्या नावाजलेल्या ठिकाणी अख्खं पुणे नाश्त्याला आलेलं असतं, टोकन घ्या आणि अर्धा तास उभे राहा. तिथे थांबूच नका, एक किलोमीटर पुढे पत्र्याच्या शेडमध्ये तेच पोहे पाच मिनिटात मिळतात.

क्लबमधल्या जुन्या लोकांना विचारा. त्यांना कुठल्या ढाब्याचं टॉयलेट स्वच्छ आहे हेपण माहीत असतं, आणि आमच्या ग्रुपमधल्या बायका सांगतात की त्यांच्यासाठी तर थांबा आधी टॉयलेटवरून ठरतो आणि मग जेवणावरून. नाहीतर लोक पाणी पिणंच कमी करतात, जे सगळ्यात वाईट.

पायरी दुसरी: खाण्याचीपण प्रॅक्टिस करा

ऐंशी-शंभरच्या सरावाच्या राईडला जे खाल तेच बीआरएमला खायचं. नवीन एनर्जी जेल, नवीन पावडर, कोणीतरी स्टार्टला हातात दिलेला बार, काही नको. जेल वाईट नाहीत, पण महाग आहेत आणि दहा-बारा तास तेच गोड चिकट खाऊन तोंड विटतं, आणि आपल्या वेगाला त्यांची फार गरजही नाही. बीआरएमचा वेग रेसचा नसतो, पोट बऱ्यापैकी काम करत असतं, त्यामुळे घन पदार्थ पचतात. हा आपला फायदा आहे.

आपल्या घरातच किती गोष्टी आहेत बघा. पुरणपोळी! अजून कुठल्या कंपनीने याच्यापेक्षा चांगला एनर्जी बार बनवलाय असं मला वाटत नाही, मऊ, चावायला सोपी, गूळ, डाळ, मैदा, तूप जरा कमी लावा आणि चार तुकडे करून बटर पेपरात गुंडाळा. एका पोळीत ४०-५० ग्रॅम कार्ब्स कुठे गेले नाहीत. उन्हाळ्यात मात्र पुरण दिवसभर टिकत नाही, वास आला की फेका, तेव्हा गुळपोळी न्या. दशम्या मस्त. खजूर चार-पाच घेतले की २५ ग्रॅमच्या आसपास, बिया घरीच काढून ठेवा कारण चालत्या सायकलवर बी काढणं म्हणजे सर्कस आहे. केळं मोठं असेल तर २५ ग्रॅम, वेलची केळी छोटी असतात तर दोन समजा. राजगिऱ्याचा लाडू हलका आहे पण कोरडा, धावत्या सायकलवर तोंडात टाकला आणि ठसका लागला की संपलं, त्याच्यासोबत पाणी लागतंच. चिक्की चांगली, पण दाण्यातलं तेल असतं म्हणून सारखी नको, आणि उन्हात खिशात तिचा गोळा होतो. पार्ले-जी एका बिस्किटाला साधारण ४ ग्रॅम, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही टपरीवर मिळतो, रात्री दोनलापण.

खारट काहीतरी लागतंच. उकडलेले छोटे बटाटे मीठ-मिरपूड लावून डब्बीत, हे मी एका सिनियर रायडर काकूंकडून शिकलो आणि तेव्हापासून प्रत्येक राईडला नेतो. सातव्या तासाला गोडाची शिसारी आली की तो खारा बटाटा म्हणजे स्वर्ग.

पायरी तिसरी: आदल्या दिवशी आणि पहाटे

आदल्या रात्री पार्टी नको, कार्बो-लोडिंगच्या नावाखाली बिर्याणी नको, पालेभाज्या-उसळी नकोत. वरण-भात-बटाट्याची भाजी, आठ-साडेआठला, झालं. दिवसभरात पाणी नीट प्या.

स्टार्ट बहुतेक पहाटे पाच-सहाला असतो. साडेतीनला उठून काही जात नाही हे मला माहितीये, तरी थोडं ढकला. केळं आणि जॅम-ब्रेड, किंवा घरात कोणी प्रेमाने उठत असेल तर पोहे, दाणे कमी घालून. मला गूळ घातलेली रव्याची खीर जाते, ज्याचं त्याने बघावं. चहा घ्या, पोट मोकळं होऊ द्या, त्यासाठीच लवकर उठायचंय खरंतर.

पायरी चौथी: सायकलवर

टॉप ट्यूबवरची, म्हणजे सीट आणि हँडलमधल्या आडव्या दांड्यावरची, छोटी बॅग घ्या. जर्सीच्या मागच्या खिशातलं खाणं नवीन माणूस काढत नाही, हात मागे न्यायची भीती वाटते आणि मग "पुढच्या थांब्याला खाऊ" असं करत दोन तास जातात. समोर दिसलं की खाल्लं जातं.

घड्याळात किंवा सायकल कम्प्युटरमध्ये दर वीस-पंचवीस मिनिटांनी अलार्म लावा. वाजला की दोन घोट पाणी आणि एक घास. भूक असो नसो. पहिल्या दोन तासात ताकद भरपूर असते, हवा थंड असते, गप्पा चालू असतात, तेव्हाच लोक खात नाहीत आणि त्याचं बिल दुपारी येतं. चढाच्या पायथ्याशी घास घेऊ नका, श्वास लागलेला असताना गिळता येत नाही. चढाच्या दहा मिनिटं आधी किंवा वर पोचल्यावर.

अचानक चिडचिड व्हायला लागली, पुढचा रायडर उगाच डोक्यात जायला लागला, बीआरएम या प्रकाराचाच राग आला, की समजा साखर कमी पडतीये. गंमत नाही, माझं पहिलं लक्षण हेच आहे. मी रागावलो की आधी गूळ खातो मग विचार करतो.

पाणी आणि मीठ, यात जास्त लोक आडवे होतात

दोन बाटल्या, एकात साधं पाणी, एकात मीठ-साखरवालं. किती प्यायचं हे ऊन ठरवतं, डिसेंबरच्या सकाळी तासाला अर्धा लिटर पुरे होतं आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी सोलापूर रोडला पाऊण-एक लिटरही कमी पडतं. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ परत येत नाही, रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी पितो. हे जास्त झालं तर हॉस्पिटलची केस आहे. गोंधळल्यासारखं वाटलं, उलट्या थांबेनात, तर राईड सोडा आणि डॉक्टर गाठा, बीआरएम पुढच्या महिन्यात परत असते.

ओआरएसची पुडी हा स्वस्त आणि मस्त उपाय, पण नीट वापरा. डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. लोक ती साडेसातशेच्या बाटलीत टाकतात आणि मग "खारट लागतंय, मळमळतंय" म्हणतात. लागणारच. एक लिटरची बिसलेरी घ्या, त्यात पूर्ण पुडी टाका, हलवा, आणि त्यातून आपली बाटली भरा, उरलेलं तिथेच पिऊन टाका. मेडिकलमधली टेट्रापॅकातली गोड ड्रिंक्स आणि ओआरएस हे एक नाही, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा. आणि ओआरएसमध्ये साखर अगदी थोडी, लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ते पाणी-मीठ आहे, जेवण नाही. खाणं वेगळं चालूच ठेवायचं.

रस्त्यावरचं सगळ्यात भारी म्हणजे उसाचा रस. घुंगरू वाजायला लागलं की माझी सायकल आपोआप डावीकडे वळते. लिंबू-आलं घातलेला, वरून मीठ, एका ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज. फक्त बर्फ नको म्हणा, तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो आपल्याला माहीत नाही. ताक, मठ्ठा, लिंबू सरबत, कोकम सरबत, शहाळं हे सगळं चांगलं, बर्फाचा नियम सगळीकडे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं म्हणून त्याच्यासोबत काहीतरी खारट खा. कोल्ड्रिंक? मी घेतो. तीनशेच्या शेवटी थंड कोला जादू करतो, लाज वाटून घेऊ नका.

पाणी भरायला टोल नाके, पेट्रोल पंप, आणि आता बऱ्याच गावात नाणं टाकून पाणी देणारं मशीन असतं, म्हणून पाच-दहाची नाणी ठेवा. एकूणच रोख पैसे ठेवा. रेंज नाही तर यूपीआय नाही, घाटात हे नक्की होणार.

पायरी पाचवी: हॉटेलात पंधरा मिनिटं

याला आम्ही ग्रुपमध्ये पिटस्टॉप म्हणतो. सायकल दिसेल अशी लावली, हेल्मेट काढायच्या आधी काऊंटरला जाऊन "दादा, लगेच काय मिळेल?" हा एकच प्रश्न. मेन्यू कार्ड मागायचं नाही. जे तयार आहे ते घ्यायचं, पैसे तेव्हाच द्यायचे, मग तोंड धुवा, बाटल्या भरा, तोवर प्लेट आलेली असते. चार-पाच जण असाल तर सगळ्यांनी एकच पदार्थ सांगा. पाच जणांचे पाच वेगळे डोसे म्हणजे चाळीस मिनिटं गेली. बिल ठेवा, फेकू नका, वेळ छापलेलं बिल काही राईड्सना कंट्रोलचा पुरावा म्हणून चालतं.

काय घ्यायचं:

इडली नंबर एक. तेल नाही, मऊ, प्लेट लगेच येते. सांबार वाटीभर, मिठासाठी. पोहे-उपमा चांगले. डोसा ठीक, मसाला डोसा बटरमध्ये थबथबलेला नको. दुपारी दही-भात किंवा हाफ राईस आणि साधं वरण, दाल फ्राय मागितली तर वरचं तेल बाजूला करा. ढाब्यावर "दाल खिचडी, तेल कमी, तिखट कमी" असं दोनदा सांगा, एकदा सांगून ऐकत नाहीत. रोटी-पनीर मसाला हा सापळा आहे, यायला वीस मिनिटं आणि पचायला चार तास. ऑम्लेट-पाव किंवा अंडा भुर्जी तीनशे-चारशेला एकदा घेतलीत तर छान, प्रोटीनपण मिळतं.

मिसळ. आता भांडणं होणार. नारायणगावच्या बाजूला राईड गेली आणि मिसळ खाल्ली नाही तर पाप लागतं असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. पण तर्री म्हणजे तेल आणि तिखट, मोड आलेली मटकी म्हणजे फायबर, वर फरसाण म्हणजे परत तेल. मी एकदा खाल्ली, पुढचे पन्नास किलोमीटर मला प्रत्येक उसाचं शेत संडासच्या नजरेने दिसत होतं. राईड संपल्यावर खा, दोन खा. वडापाव तसा इतका वाईट नाही, एक चालतो, पाव आणि बटाटा दोन्ही कार्ब्सच आहेत, फक्त ताज्या तेलातला बघा आणि तळलेली मिरची शेजारच्याला द्या. साबुदाण्याची खिचडी तेल आणि दाण्याच्या कुटामुळे जड जाते, उपवास असलाच तर बटाटा, केळी, खजूर, भगर असं करा. माझं मत विचाराल तर बीआरएमच्या दिवशी एकादशी आली तर पांडुरंग समजून घेईल.

आपले नेहमीचे रस्ते

पुणे-सातारा-कोल्हापूर सोपा, खाण्याची ददात नाही. खेड शिवापूर, शिरवळ, सुरूर फाटा, सातारा, उंब्रज, कराड, सगळीकडे मिळतं. जाताना खंबाटकी चढायचाय म्हणून शिरवळला नीट खाऊन घ्या, घाटाच्या अगदी पायथ्याशी नको. साताऱ्याला कंदी पेढे दोन घ्या, दूध आणि साखर, चालतात, पावशेर घेऊ नका. सुरूरवरून वाई-पसरणी-पाचगणीला वळणार असाल तर वाईत बाटल्या भरून घ्या, वर स्ट्रॉबेरीच्या सीझनमध्ये क्रीमचा मोह होतो, नुसती स्ट्रॉबेरी मूठभर ठीक.

सोलापूर रोड सपाट, म्हणून फसवा. चढ नाही म्हणून खायची आठवण राहत नाही, सावली नाही, वारा समोरून. भिगवणला आलात की सगळे मासे मासे करतात, उजनीचे मासे मलापण आवडतात, पण तळलेले मासे आणि भाकरी खाऊन दुपारी इंदापूरपर्यंत उन्हात जाऊन दाखवा. परत येताना रात्री खा, वेळ हातात असेल तर. थंडीत हुरडा दिसतो, चव घ्या आणि पुढे चला.

सासवडच्या बाजूला सीझनला अंजीर, सीताफळं. अंजीर दोन-तीन, जास्त नको, का ते कळेलच. नाशिक रोडला फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं, ती मात्र बिनधास्त, पाणी आणि साखर, धुऊन घ्या.

खरा प्रश्न घाट उतरून कोकणात जाणाऱ्या रूटला. ताम्हिणीला पौड-मुळशी सोडलं की पुढे वीकएंडला कणीस आणि मॅगीच्या टपऱ्या असतात, पण पहाटे किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांच्यावर विसंबू नका, निजामपूर-माणगावपर्यंतचं स्वतःजवळ पाहिजे. भोरवरून वरंधा घाटाने महाडला जातानाही तेच, भोरलाच सगळं भरून घ्या. कोकणात सोलकढी चांगली पण नारळाच्या दुधाची असते, ग्लासभर पुरे.

रात्र: चारशे आणि सहाशे

रात्रीचे नियम वेगळे. आठ-नऊच्या आसपास, फॅमिली हॉटेलं बंद व्हायच्या आत, एकदा नीट गरम जेवा, अर्धा तास द्या त्याला, आणि निघताना एक पार्सल घ्या. दोन साध्या चपात्या-गूळ किंवा चार इडल्या, काहीही, कारण पहाटे दोन ते पाच या वेळात जे मिळेल ते नशीब. मी एका चारशेला "पुढे ढाबा आहे" या भरवशावर निघालो आणि तो ढाबा लग्नामुळे बंद होता, मालकाच्या मुलीचं, राग तरी कोणावर काढणार. पुढचे चाळीस किलोमीटर तीन खजूर आणि अर्धी बाटली पाणी.

ट्रक उभे असलेला ढाबा शोधा, तो चालू असतो, जेवण ताजं असतं कारण सारखं संपत असतं, आणि खाट असते. चहा घ्या, बिस्किटं बुडवून खा. झोप येत असेल तर चहा पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवे व्हा, कॅफीन चढायला तेवढाच वेळ लागतो, अलार्म वाजतो तेव्हा दोन्हीचा फायदा झालेला असतो. दोन अलार्म लावा. पहाटे पहाटे अजिबात खावंसं वाटत नाही, मळमळतं, तेव्हा गरम आणि पातळ काहीतरी, दूध-साखर, सूप, अगदी मॅगीचं पाणी. तोंडात गोळी, आलेपाक, काहीतरी ठेवा.

पोट बिघडलंच तर

आधी वेग कमी करा. बहुतेक वेळा अन्न वाईट नसतं, तुम्ही जोर जास्त लावत असता आणि रक्त पायांकडे असतं. वीस मिनिटं हळू चालवा, पाण्याचे छोटे घोट. फार गोड पडलं असेल तर पुढचा अर्धा तास साधं पाणी. सावलीत बसा, डोक्यावर पाणी ओता, उन्हाने तापलेलं पोट काहीच घेत नाही. मग खारट बिस्किट, ताक, साधा भात. पेनकिलर रिकाम्या पोटी आणि उन्हात घाम गाळताना घेऊ नका, किडनीवर येतं. टॉयलेट पेपर आणि साबणाची छोटी पट्टी बॅगेत कायम.

नमुना म्हणून माझी चिठ्ठी

पुणे-उंब्रज-पुणे अशी साधारण ३०० ची राईड, पहाटे पाचचा स्टार्ट. अंतरं ढोबळ आहेत, कागदावर लिहून टेपने टॉप ट्यूबला चिकटवतो:

५० शिरवळ, साडेसात, इडली २ प्लेट, १५ मि.
८० सुरूर, सव्वानऊ, चहा, पाणी, १० मि.
११० सातारा, अकरा, ओआरएस लिटर, केळी २ खिशात, १० मि.
१४५ उंब्रज, एक, कंट्रोल, दही-भात, सावली, ३० मि.
१८० सातारा, साडेतीन, उसाचा रस, बटाटे, १५ मि.
२१० सुरूर, सव्वापाच, चहा-बिस्किट, लाईट लाव, १० मि.
२४५ शिरवळ, साडेसात, हाफ राईस-वरण, २५ मि.
२७५ खेड शिवापूर, नऊ-सव्वानऊ, कोला, कात्रजच्या आधी खा

शेवटची ओळ मी लाल पेनने लिहितो, टेम्पोवाल्या काकांच्या आठवणीत. मधल्या वेळात अलार्मचे घास चालूच. असं गेलं तर साडेदहा-अकराला फिनिश, वेळ पहाटे एकपर्यंत आहे, म्हणजे दोन तास वाऱ्यासाठी आणि पंक्चरसाठी शिल्लक.

फिनिशला ब्रेव्हे कार्ड, म्हणजे कंट्रोलच्या नोंदींचं कार्ड, दिलं, फोटो काढला, की लगेच काहीतरी खा, दूध, अंडी, पनीर, जे मिळेल ते आणि सोबत भात-पोळी. आणि गाडी चालवत घरी जाऊ नका, कोणाला तरी न्यायला बोलवा. माझ्याकडे आई पिठलं-भात झाकून ठेवते आणि मी तो अंघोळीच्या आधीच खातो, त्यावरून दरवेळी बोलणी बसतात.